नाहीतर मला उठवणे

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये चार नंबरच्या खोलीत
केळी हिरवीच राहिली. चौथा दिवस,
बोटाने दाबावी तर खुंटी.
जळगावचा टेम्पो दारात येऊन रिकामा परत गेला,
आणि मला फैजपूरहून रात्री बोलावलं.

रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून
लोकेश वारकेने लिहिलेली ओळ उघडली.
एकच ओळ. पडद्यात न मावणारी.
उजवीकडे सरकवत, सरकवत वाचायची:
दार उघडं? थांब : गरम? पंखा : कोरडं? फवारा :
पहिला दिवस? गॅस : काही नाही.
चार प्रश्नचिन्हं आणि दोन दोन ठिपके,
दुःख या शब्दात असतात तसेच.

कुठला 'नाहीतर' कुठल्या 'जर'च्या पोटचा
हे एकट्या लोकेशला माहीत,
आणि लोकेश आता हिंजवडीत.
अडीच वाजता फोन उचलला त्याने, झोपेत हसला:
"एका ओळीत बसलं होतं गं सगळं."
बसलं होतं खरं.
मलाही ती ओळ देखणी वाटली होती,
दोन वर्षांपूर्वी, वाचावी लागत नव्हती तेव्हा.

मी निरनिराळ्या भाषांमध्ये पोट भरलेलं आहे.
एकीत 'जर' उघडला की 'संपलं' म्हणून
कडी लावावी लागते, नाहीतर घर उघडंच.
एकीत उत्तर आधी, अट मागून:
पंखा लाव, गरम असेल तर.
लोक हसतात तिला, उलटी म्हणतात.
पण पाहुणा असंच तर बोलतो दारातून,
"घेईन चहा, केलेला असला तर."
आणि माझी माय, पारोळ्याची,
तिला 'जर' कधी लागलाच नाही:
उना ते उना, नही ते नही.
चार शब्दांचं काम आहे, कंस एकही नाही.

गुलशेर तडवी रात्रपाळीला.
टॉर्च धरून मागे उभा. म्हणाला,
"मॅडम, दारावर लिहिलेलं आहे की."
लोखंडी दाराच्या आतल्या अंगाला, खडूने,
ओलीने थोडं पुसट:

दार उघडं असलं तर सगळं बंद.
गरम झालं तर पंखा.
कोरडं वाटलं तर पाणी.
पहिले चोवीस तास गॅस, पाणी चालू असो नसो.
नाहीतर मला उठवणे.

चौथ्या ओळीशी मी थांबले.
असो नसो.
दमटपणा मोजणारा डोळा केव्हाचा बिघडलेला,
त्याला खोली कायम कोरडीच दिसायची,
म्हणून फवारा, फवारा, फवारा,
आणि गॅसची पाळी येईचना.
गॅस हा फवाऱ्याचा 'नाहीतर' नव्हताच कधी.
दोघं शेजारी होते. लोकेशने
जागा वाचवायला एकाच्या डोक्यावर एक बसवले.

मग मी ओळ मोडली.
सतरा ओळी झाल्या. प्रत्येक अट आपल्या जागी,
आत सरकवलेली, पंगतीत पानं मांडावीत तशी.
एक प्रश्नचिन्ह ठेवलं मुद्दाम,
दिवा लाल की हिरवा, एवढ्यापुरतं.
तिथे ते शोभतं. सगळीच काढून टाकणं
हाही एक हट्टच झाला असता.

गुलशेर वाकून पडदा बघत होता.
इंग्रजी त्याला येत नाही. बोट फिरवत,
पायऱ्या मोजल्यासारखं:
"हे दार. हा पंखा. हे पाणी. हा गॅस, वेगळा."
मग बोट खाली आणून रिकाम्या जागेवर,
"आणि इथं?"

तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं.
लोकेशनेही नाही: "काही नाही" म्हणून ठिपके टाकून मोकळा.
सगळ्या अटी खोट्या ठरल्या,
किंवा सगळी यंत्रं आंधळी झाली तर काय,
हे फक्त खडूला सुचलं होतं.

त्याचा नंबर विचारला.
तो सांगत गेला, दोनदा, हळू,
मी अठराव्या ओळीत उतरवला.
बाहेर पहिली बैलगाडी नाही, ट्रॅक्टर वाजला.
गॅस सुटल्याची सूं ऐकत
दोघं दाराबाहेर आलो, दार लावलं.
गुलशेर खडू शोधत होता खिशात.
म्हटलं, राहू दे, पुसू नकोस.